ज्याला घरी कोणी नव्हतं

ठमाबाईची धाकटी लेक बया लग्न होऊन गेली ते साल एकोणीसशे चोवीस. वैशाखात मांडव उतरला, पाहुणे आपापल्या वाटेने गेले, आणि डोंगरावरच्या कुडपण गावातल्या घरात दोघीच उरल्या. ठमाबाई आणि तिची सून राही. सासरा कोंडाजी दोन वर्षांपूर्वीच वारला होता. ठमाबाईचा एकुलता एक लेक, म्हणजे राहीचा नवरा, लढाईवर गेला त्याला नऊ वर्षं होत आली होती.

राही तेव्हा बावीस वर्षांची होती. लग्न झालं तेव्हा अकराची. ती नांदायला यायच्या आधीच तो पलटणीत भरती झाला. त्यामुळे नवरा म्हणून तिच्या ध्यानात फार काही नव्हतं. एक उंच पाठ, खांद्यावरच्या घोंगडीचा वास, बस्स. सोळा साली सरकारचा कागद आला की तो तुर्कांच्या हाती सापडला. त्यानंतर काही नाही.

गावची रीत अशी, की ज्याचा ठावठिकाणा नाही त्याची शेवटच्या खबरेपासून बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि तेव्हाच बाईने कुंकू पुसायचं. पुढे तिच्या मनात असलं आणि सासरचे हो म्हणाले, तर तिला पाट लावता येई, म्हणजे पुन्हा लग्न करता येई. राहीची आठ वर्षं सरली होती, चार उरली होती. ती मोजत नव्हती. मोजून करायचं काय?

आश्विनात राही मध घेऊन पोलादपूरच्या बाजाराला उतरली. बरोबर शेजारची शकू होती. पहाटे निघायचं, उतारावरून पाय ओढत दुपारी पोचायचं, शकूच्या मावशीकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी वर चढायचं, अशी त्यांची पद्धत. त्या दिवशी गावात शिरता शिरताच हस्ताचा पाऊस कोसळला. शकू पळत मावशीच्या ओटीवर गेली. राहीच्या डोक्यावर मधाचं मडकं, तिला पळता येईना. ती शिरली साहेबाच्या डाकबंगल्याच्या वरांड्यात.

पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की बाकी काही ऐकू येऊ नये. तरी आतून एक आवाज आला.

"किमसे वार मी?"

राही दचकली. मडकं दोन्ही हातांनी धरून ती खांबाला टेकली. दारात एक माणूस उभा राहिला. वय असेल अठ्ठावीस-तीस, पण कानांजवळचे केस पांढरे. तिला पाहून तोच ओशाळला.

"कोन पायजे?"

"कोनी नको. पाऊस थांबला की जाईन मी."

"मग थांब. वरांडा काय माझा नाय आनि पाऊस काय साहेबाचा नाय."

राहीला हसू आलं, ते तिने पदरात लपवलं. मग थोडा धीर करून म्हणाली, "तुमी पैल्यांदा काय बोललाव? शिवी दिलीव काय?"

"शिवी नाय गो! तुर्की बोली ती. कोनी हाय का, असं इचारलं."

"मग सरळ इचारायचं. मध घेऊन तुर्क यायचा व्हता काय पोलादपुरात?"

तो हसला. "तोंडाची खोड... अडीच वर्षं रोज सकाळी तंबूतंबूतून हीच हाक मारत फिरायचो. जो ओ देईल तो जिता."

राहीचं हसू ओठांवरच थांबलं. पावसाच्या पागोळ्यांकडे पाहत तिने विचारलं, "तुमी... तुर्काकडं कैदेत होताव?"

"होतो."

"आमच्या वरल्या अंगाचं कोनी होतं तिथं?"

"माझ्या तंबूत एक होता. डोंगरातलाच. गेला बिचारा." तो माणूस दाराच्या चौकटीवर हात फिरवत होता. "पन त्याच्यामागं रडायला कोनी नव्हतं. घरी कोनीच नव्हतं त्याला."

राहीच्या छातीत अडकलेला श्वास सुटला. नाव विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. ज्याला घरी कोणीच नाही, तो आपला कसा असेल? आपल्या माणसाला आई होती, बाप होता. आपण स्वतः होतो. तिने मडक्यावरचं पान नीट केलं आणि पाऊस उणावल्यावर निघाली. पायरीवरून मात्र तिने एकदा मागे पाहिलं. तो तिथेच उभा होता.

त्याचं नाव महिपत. महाडखालच्या खाडीपट्ट्यातला, राहीच्याच जातीचा, कुळ वेगळं. लढाईवरून परतला, म्हाताऱ्या आईची दोन-सव्वादोन वर्षं सेवा केली, ती गेल्यावर घरदार चुलत्याला देऊन पोलादपूरला बंगल्याची चौकीदारी धरली. महाबळेश्वरला जाणारे साहेब घाट चढण्याआधी तिथे थांबत आणि महिपतला थोडं इंग्रजी येत होतं. एवढं सगळं राहीला शकूच्या मावशीकडून कळलं. मावशीने न विचारताच सांगितलं, असं राहीचं म्हणणं. शकूचं म्हणणं वेगळं होतं.

पुढच्या बाजाराला त्याने मध मागितला. राही म्हणाली, "देईन. पन आधी ती तुर्की काय ती शिकवा. रानात एकटी असले की हाक मारीन."

"रानात तुर्की हाक मारलीस तर अस्वल बी पळेल."

"पळू दे ना. तेच तर पायजे."

तो आत जाऊन एक जुनी वही घेऊन आला. कडा कुरतडलेल्या, पानं पिवळी. डावीकडून त्याची अक्षरं चालत होती आणि उजवीकडून कुणा दुसऱ्याची, वेलीसारखी वळणं घेत. राहीला दोन्हीही सारखीच परकी. तिने बोट लावलं नाही, नुसती वाकून पाहिली.

"आमच्यावर पहारा करायला एक ओनबाशी होता. ओनबाशी म्हनजे नाईक. हसन नावाचा. लढाई संपल्यावर आगगाडीच्या हापिसात लागायचं त्याच्या मनात. त्याला इंग्रजी पायजे व्हतं. पलटणीच्या शाळेत जेवढं शिकलो व्हतो तेवढं मी शिकवायचो, आनि तो मला भाकर द्यायचा. सगळं जमलं त्याला, पन ह्यो एक शब्द काय जमेना — एनीबडी."

"म्हनजे?"

"म्हनजे कोनी. आता बघ. आपलं नि तुर्काचं सारखं. आपन म्हनतो, कोनी हाय का? कोनी नाय. दोन्हीकडं 'कोनी' तोच. तो बी म्हनतो, किमसे वार मी? किमसे योक. इंग्रजाचं तसं नाय. इचारताना एनीबडी. कोनी नसलं तर नोबडी. कोनतरी हाय पन ठावं नाय कोन, तर समबडी."

"अगं बया! नसलेल्या मानसाला बी नाव?"

"हाय ना. आनि तो एनीबडी नुसता उभा केलास, इचारायचं नाय, नाकारायचं नाय, तर तो 'कोनी बी' होतो. वाटेल तो. एनीबडी येऊ दे म्हनलं की कुनाला मज्जाव नाय."

"मग ओनबाशी कुठं अडायचा?"

"तो म्हनायचा, आय डोन्ट सी नोबडी. तुर्कीत 'कोनी नाय' म्हनताना 'नाय' लावावाच लागतो, म्हनून इथं बी लावायचा. मी म्हनायचो, बाबा, नोबडीत एक नाय आधीच हाय. इंग्रजाला दोन नाय सोसत नाहीत. एक काढ! तो डोस्कं धरून बसायचा. म्हनायचा, एक शब्द शिकायला मला बर्फात बसवतोस..." महिपत आता मोकळा हसत होता. "पन अर्धी भाकर न चुकता द्यायचा. भाकरीला तुर्क काय म्हनतो ठावं हाय?"

"काय?"

"एकमेक."

"खोटं!"

"आईशपथ. एकमेक. आनि ती मी नि त्यो डोंगरातला, एकमेकात वाटून खायचो."

राही पोट धरून हसली. मग हसू आवरून म्हणाली, "इंग्रज बी आमा बायकांवानीच. तीन-तीन शब्द खर्चायचे, पन नाव एकाचं घ्यायचं नाय."

"ते कसं?"

"नवऱ्याचं नाव बायको घेते काय कधी? आमी बी म्हनतो... घरचं कोनीतरी."

महिपतची नजर तिच्या कपाळावरच्या कुंकवावर गेली आणि तिथून उचलून त्याने ती वहीत घातली. "तुझ्या घरचं कोनीतरी... कुठं असतं?"

"लढाईवर गेलंय. यायचंय अजून."

कोण, कुठला, असं तो पुढे काही विचारणार नव्हता. परक्याच्या बायकोला तिच्या नवऱ्याचं नाव विचारणं म्हणजे तिला कोड्यात टाकणं, एवढी रीत त्यालाही ठाऊक होती. शकूला विचारावं तर चार तोंडी बोभाटा. त्याने वही मिटली. राहीने मधाचा द्रोण भरून दिला.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. दर बाजाराला राही मध नाहीतर हिरडा घेऊन उतरे आणि तिचे पाय आपोआप बंगल्याकडे वळत. महिपत वरांड्याच्या कोपऱ्यात गरम पाण्याची बादली भरून ठेवी. "उतारानं पाय चढत्यात," एवढंच म्हणे आणि आत जाई, तिने पाय धुवून होईपर्यंत बाहेर येत नसे. राही नाचणीची भाकरी बांधून आणी. तो ती पुढ्यात ठेवून आधी मोडायचा, अर्धी बाजूला काढायचा, मग खायचा. राहीला वाटे, ती अर्धी माझ्यासाठी. मग तिच्या ध्यानात आलं की ती अर्धी तिच्यासाठी नव्हती, ती जुनी सवय होती. तरी एके दिवशी तिने ती उचलली आणि समोर बसून खाल्ली. महिपत पाहत राहिला.

"असं काय बघताव? भूक लागलीय."

"बघत नाय. बरं वाटलं."

शकूने परतीच्या चढावर टोमणा मारलाच. "राहे, मध पोलादपूरला इकतेस का बंगल्यात इकतेस गो?"

"जिथं खपतो तिथं."

"खपतो तर खरा. मध बी नि तू बी."

राहीने चाल वाढवली. चढ होता, म्हणून चेहरा लाल झाला होता, असं म्हणायला जागा होती.

माघात सावित्रीचं पाणी उतरून दगड उघडे पडले होते. राही नदीवर मधाची मडकी धुवायला गेली, तर महिपत तिथे साहेबाची चादर पिळत होता. दोघं दोन दगडांवर. मधून पाणी.

"राही," तो म्हणाला. नुसतं नाव घेतलं. आजवर त्याने ते कधी घेतलं नव्हतं.

"काय?"

"बारा वर्षं कधी पुरी होत्यात तुझी?"

"अठ्ठावीस साली."

"म्हनजे तीन साडेतीन." त्याने चादर पुन्हा पिळली, तिच्यातून पाण्याचा थेंब निघत नव्हता तरी. "तुर्काकडं मी अडीच काढली. उपाशी. इथं तर दर बाजाराला भाकर मिळते..."

राहीचं मडकं हातातून सुटून पाण्यावर तरंगायला लागलं. तिने ते धरलं नाही. महिपत पुढे झाला, गुडघाभर पाण्यात उतरला, मडकं आणून तिच्या दगडावर ठेवलं.

"आनि... तो आला तर?" राहीने विचारलं.

"आला तर मी त्याला बंगल्यातनं चहा आनून देईन. आनि पुन्ना तुझं नाव काडनार नाय."

तिने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. "थांबा तर मग," ती म्हणाली, आणि मडकं उचलून भराभर चालू लागली. तिचं तिलाच कळेना, की आपण देवाकडे आता काय मागावं.

फाल्गुनात गोष्ट फिरली.

पोलादपूरच्या बंगल्यावर तुर्काच्या कैदेतून आलेला माणूस आहे, हे ठमाबाईच्या कानावर कुणीतरी घातलं. म्हातारीने दुसऱ्याच बाजाराला काठी उचलली. राही म्हणाली, "आत्याबाय, एवढा उतार तुमाला झेपनार नाय. मी इचारून येते."

"तू इचारशील? त्याचं नाव तरी घेशील काय तू? नाव आईनंच घ्यायचं असतं."

दिवस मावळायला आला तेव्हा त्या पोचल्या. राहीच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी वरांड्यात चढली. महिपत पाण्याची बादली घेऊन येत होता.

"तूच काय रे तुर्काकडनं आलेला?"

"होय, आये. बस."

"बसायला नाय आले. माझा लेक बी तिकडंच होता. हैबती. हैबती कोंडाजी, कुडपणचा. डाव्या भिवईवर खोक. कधी दिसला तुला?"

बादलीतलं पाणी हिंदकळलं आणि महिपतच्या पायांवर पडलं. त्याने ती खाली ठेवली नाही, तशीच धरून उभा राहिला. त्याने एकदा राहीकडे पाहिलं. त्या एका नजरेत राहीला कळलं की याला सगळं ठाऊक आहे.

"नाय आये," तो म्हणाला. "आठवत नाय."

ठमाबाईने मान हलवली. तिने त्या पाण्याने पाय धुतले, त्याला आशीर्वाद दिला आणि मावशीच्या घराकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सासू अंग शेकत बसली असताना, राही नदीवर गेली. महिपत तिथे होता. रात्रभर झोपला नसावा.

"सांगा," ती म्हणाली.

"आमच्या तंबूत एक ठरलं होतं. घरचं नाव काडायचं नाय. जे घरचं बोलायचे ते आधी मरायचे, म्हनून. त्यामुळं कोनाच्या घरी कोन, हे कुनाला ठावं नव्हतं. हिवाळ्यात तापाची साथ आली. तापकऱ्यांच्या तंबूत पानी द्यायला, मेलेले बाहेर काडायला मानूस पायजे होता. आत जाईल तो पंधरा-वीस दिवसांत आडवा, हे ठरलेलं. ओनबाशीनं आमाला ओळीत उभं केलं. मला बोली येत व्हती, म्हनून माझी पाळी आली. त्यानं इचारलं, तुझ्या घरी कोन? मी म्हनलो, आई. तो तिथंच थांबला. मग ओळीकडं बघून वरडला, ज्याच्या घरी किमसे योक, असा कोन हाय?"

पलीकडे धोबिणी कपडे आपटत होत्या.

"कोनी हाललं नाय. मग हैबती पुढं झाला. त्याला तुर्की येत नव्हती. मी शिकवायचो तेव्हा भाकरीची वाट बघत शेजारी बसायचा, तेवढेच दोन शब्द त्याच्या कानात व्हते. तो म्हनला, किमसे योक. आनि गेला आत. मी मागनं इचारलं त्याला, तंबूच्या बाहेरनं, खरंच कोनी नाय रे? तर म्हनला, नाय. मी खरं धरलं." त्याने पाण्याकडे पाहिलं. "धरायला सोपं होतं गो."

जो माणूस राहीला धड आठवतही नव्हता, त्याच्यासाठी रडू येईना. आला तो राग.

"तुमाला वाचवायला त्यानं आमाला पुसलं. आई, बाप, मी. दोन शब्दांत."

"होय."

"आनि काल सासूला का नाय सांगितलं?"

"सांगितलं तर तू मोकळी होतेस. नि मोकळी झालीस की... गाव काय म्हनेल? ह्याला बाई पायजे म्हनून ह्यानं हैबती मारला. ती म्हातारी तरी कसा इस्वास ठेवील?"

राही उठली आणि गेली. त्याच दिवशी त्या चढ चढू लागल्या. सासूचा हात खांद्यावर होता आणि तो नेहमीपेक्षा जड लागत होता. अर्ध्या वाटेवर सासू दम खायला बसली तेव्हा राहीला एकाएकी वाटलं, कुण्या दुसऱ्या आईला तिचा लेक दिसावा, म्हणून हिचा लेक गेला. आणि हिला अजून ते माहीतही नाही. हिने अजून तीन वर्षं वाटेकडे पाहायचं?

शिमगा झाल्यावर ती परत उतरली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सांगा सासूला. गावादेखत सांगा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"येतो."

"पन एक करा..." तिचा सूर उतरला. "जाताना त्यानं आये म्हनून हाक मारली, एवढं सांगा. तिला दिसत नाय आता नीट. तेवढं द्या तिला."

महिपतने मान हलवली. "नाय मारली त्यानं. पानी मागितलं, बाकी काय नाय बोलला."

"सांगायला काय जातं तुमचं?"

"एकदा खोटं बोललो तिच्याशी. तिनं मला आशीर्वाद दिला. दुसऱ्यांदा नाय बोलनार, राही. तू मिळाली नायस तरी."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी महिपत कुडपणला चढला. देवळासमोर गावकी बसली. गावचा म्होरक्या रावजी मध्यभागी, ठमाबाई खांबाला टेकून, बायका मागे. महिपतने उभं राहून सगळं सांगितलं, नदीवर राहीला सांगितलं तसंच, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

रावजी मिशीवरून हात फिरवत हसला. "चौकीदार, बाई पायजे तर बाई माग. आमचं मानूस कशाला मारतोस?" चार माणसं हसली. "बरं, मेला धरू. मरताना काय म्हनला?"

"पानी."

"आईचं नाव?"

"घेतलं नाय."

"बायकोचं?"

"नाय. घरी कोनी नाय, असंच म्हनत व्हता."

एकच गलका झाला. रावजीने हात वर केला. "ऐकलंत? कुडपणचा पोरगा जित्या आईला कोनी नाय म्हनेल? ह्यो कुनी भलताच हैबती असंल, नायतर हा गडी लबाड हाय."

राहीने डोळे मिटले. तिला वाटलं, आता गेलं सगळं. तेव्हाच ठमाबाई काठीवर भार देऊन उठली.

"रावजी, तू शाना हायस. मला सांग, लबाड मानूस माझ्या दारात येताना काय घेऊन येईल?"

"काय?"

"निरोप. माझ्या लेकाच्या तोंडात माझं नाव घालून आनील. आये म्हनत गेला म्हनेल. मी त्याच्या पाया पडले असते, आनि ही सून त्याच्या हवाली केली असती. सोपं होतं." ती महिपतच्या दिशेने वळली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी तिने तोंड बरोबर त्याच्याकडे केलं. "हा रिकाम्या हातानं आला. म्हनून हा खरा."

रावजीने हात खाली घेतला.

"आनि तो माझाच लेक," म्हातारी म्हणाली. "घरात भाकर कमी असली की भूक नाय म्हनून उठायचा. बया तान्ही व्हती तेव्हापासून. मी बी खरं धरायचे रे... सोपं असतं."

मग तिच्या हातातली काठी सुटली. राही धावली, पण महिपत जवळ होता, त्याने तिला धरलं. ठमाबाईने त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि नऊ वर्षांचं रडली.

त्याच आठवड्यात पळसाची पानं आणली. चुलतभावाने अग्नी दिला. राहीचं कुंकू ठमाबाईने आपल्या हाताने, ओल्या पदराने पुसलं. तेव्हा मात्र राही रडली. त्या उंच पाठीसाठी, जिचा चेहरा तिला आठवत नव्हता आणि जिने तिला न ओळखताच एवढं मोठं काहीतरी तिच्या पदरात टाकलं होतं.

चैत्र संपता संपता सासूनेच विषय काढला. "त्या चौकीदाराला सांगावा धाड."

"मी नाय जानार, आत्याबाय. मी गेले तर तुमी एकल्या."

"मग त्याला वर आन."

पाट लागलेली बाई पहिल्या नवऱ्याच्या घरात राहत नाही, अशी रीत. रावजी तेवढ्यासाठी दारात येऊन बसला. ठमाबाईने त्याला गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "एका भाकरीचे दोन वाटेकरी होते. एक गेला. दुसऱ्याला मी दारात उभा करू?" रावजी गूळ खाऊन उठला.

महिपतने चौकीदारी सोडली. डोक्यावर एक वळकटी आणि हातात एक बादली घेऊन तो वैशाखात घाट चढून आला. राही पाणवठ्याच्या वाटेवर उभी होती. एवढ्या दिवसांत दोघांना एकमेकांशी बोलायला सवड मिळाली नव्हती.

"अठ्ठावीस सालापर्यंत थांबनार व्हताव," ती म्हणाली.

"अजून थांबतो. सांग."

"नको." ती जमिनीकडे पाहत होती. "राग गेला नाय माझा सगळा. तुमच्यावर नि... त्यांच्यावर बी. कधी कधी येईल."

"येऊ दे. मी कुठं जात नाय."

"माझ्यासमोर कधी 'मला भूक नाय' म्हनायचं नाय."

"नाय म्हननार."

"आनि मला सोडून मरायला पुढं व्हायचं नाय. कुनासाठी बी."

महिपतने वळकटी खाली ठेवली. बादली खाली ठेवली. "नाय व्हनार," तो म्हणाला. राहीने हात पुढे केला, पहिल्यांदाच, आणि त्याच्या कानाजवळच्या पांढऱ्या केसांवरून बोट फिरवलं. घरातून ठमाबाईची हाक आली, तशी बादली उचलून ती पुढे झाली, आणि तो मागून.

त्यांना दोन मुली आणि एक मुलगा झाला. मुलाचं नाव हैबती ठेवावं असं महिपतच्या मनात होतं. ठमाबाई नको म्हणाली. नाव एकाचंच राहू दे, म्हणाली. मुलाचं नाव भिकू ठेवलं.

ठमाबाई एकोणीसशे तेहतीस साली, मार्गशीर्षातल्या वद्य अष्टमीला, सकाळी वारली. अग्नी महिपतने दिला. तिचा लेक हैबती त्याआधी जवळजवळ सतरा वर्षं, सतरा सालच्या फेब्रुवारीत, तुर्कांच्या मुलखात वारला होता.